धनावरचा नाग आणि आठ रांजण : सोलापूरकरांचा पहिला रोखा

कंजूष माणसाला आपण ‘धनावरचा नाग’ म्हणतो. पुरलेल्या हंड्याला वेटोळं घालून बसायचं, स्वतः खायचं नाही आणि दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. आइसलँडच्या जुन्या गाथेतला फाफ्निर असाच. सोन्यासाठी त्यानं सख्ख्या बापाला मारलं, सोनं नेऊन माळरानावर ठेवलं आणि त्याच्यावर पडून पडून तो ड्रॅगन झाला. आपल्याकडचा नाग निदान पूर्वजाचा आत्मा तरी असतो, फाफ्निर नुसताच हावरा.

सोलापुरात हा नाग बहुतेक घरांत सापडतो. निवृत्तीचे पैसे बचत खात्यात पडून असतात, नाहीतर कपाटात सोनं असतं. काही जण पतसंस्थेत ठेवतात. तिथं व्याज बरं मिळतं, पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जो ठेव विमा असतो तो पतसंस्थेच्या ठेवीला लागू नाही, हे पुष्कळांना पैसे अडकल्यावरच कळतं. रोखे, म्हणजे बाँड, हा या सगळ्यांच्या शेजारचा पर्याय. मुंबईच्या मोठ्या लोकांचा खेळ अशी त्याची ख्याती होती. आता दहा हजार रुपयांत तो सात रस्त्यावरच्या घरात बसून घेता येतो.

ड्रॅगनच्या गोष्टी इथं कशाला? जगभरच्या या गोष्टींत प्रत्यक्ष मारण्याला एखादीच ओळ मिळते. बाकी सगळी गोष्ट अटींची, खड्ड्यांची, रांजणांची आणि मेंढ्यांची असते. रोख्याचंही तसंच आहे. ‘खरेदी करा’ हे बटण दाबायला एक क्षण लागतो. चूक झालीच तर ती त्याच्या आधी झालेली असते.

दोन मेंढ्या रोज

रोखा म्हणजे उसनवारीचा लेखी करार. तुम्ही सावकार, सरकार, महापालिका किंवा कंपनी कर्जदार. करारात तीन गोष्टी पक्क्या असतात : दर्शनी किंमत (मुदत संपल्यावर परत मिळणारं मुद्दल), कूपन (दर्शनी किमतीवर ठरलेलं व्याज) आणि मुदतपूर्तीची तारीख.

संत जॉर्जची गोष्ट तेराव्या शतकात लिहिली गेली, तिच्यात लिबियातल्या सिलेनी गावाजवळच्या तळ्यात ड्रॅगन राहतो. गाव त्याला रोज दोन मेंढ्या देतं. हे झालं कूपन. गडबड अशी, की ड्रॅगननं मुद्दल कधी दिलेलंच नव्हतं आणि देण्याला मुदतही नव्हती. मेंढ्या संपल्या तशा गावानं चिठ्ठ्या टाकून मुलं द्यायला सुरुवात केली, आणि एक दिवस चिठ्ठी राजकन्येची निघाली. कर्जदाराकडे पाहताना हे गाव डोळ्यांसमोर ठेवा. आज मेंढ्या वेळेवर येतायत एवढं बघून भागत नाही. त्याच्या कुरणात अजून किती उरल्यात ते बघायचं.

आता एक खरा रोखा जवळून पाहू : ‘७.१०% जीएस २०३४’. जीएस म्हणजे केंद्र सरकारचा रोखा. ७.१० हे वर्षाचं कूपन, २०३४ हे मुदतपूर्तीचं वर्ष. सरकारी रोख्याचं व्याज सहा महिन्यांनी येतं, म्हणजे दहा हजारांच्या दर्शनी किमतीवर दर सहामाहीला ३५५ रुपये. या रोख्याचे महिने एप्रिल आणि ऑक्टोबर. २०३४ च्या एप्रिलात शेवटच्या ३५५ सोबत दहा हजार परत. नावातच सगळं आहे. एकदा वाचायची सवय लागली की एसटीच्या पाटीसारखं वाचता येतं.

राज्य सरकारच्या रोख्याला बाजारात अजूनही एसडीएल म्हणतात. मुदत वर्षाच्या आत हवी असेल तर ट्रेझरी बिल, बोलीभाषेत टी-बिल : ९१, १८२ आणि ३६४ दिवसांचं. त्याला कूपन नसतं. १०० रुपयांचं बिल कमी भावात मिळतं आणि मुदतीला पूर्ण १०० हातात येतात. समजा ३६४ दिवसांचं बिल ९३.९० ला मिळालं, तर ६.१० भागिले ९३.९०, गुणिले ३६५ भागिले ३६४ : वार्षिक परतावा साधारण ६.५१ टक्के.

भाव का हलतो

नवीन माणूस इथंच अडतो. ‘व्याज पक्कं, मुद्दल पक्कं, मग खात्यात भाव खाली कसा दिसतोय?’

समजा तुम्ही ७ टक्के कूपनचा दहा वर्षांचा रोखा १०० ला घेतला. दुसऱ्या दिवशी बाजारात तसल्याच नव्या रोख्यावर ८ टक्के मिळू लागले. तुमचा ७ वाला आता १०० ला कोण घेणार? घेणाऱ्याला ८ टक्के सुटतील इतका भाव उतरावा लागतो, आणि तो येतो सुमारे ९३.२० वर. उलट दर ६ वर गेला तर तोच रोखा १०७.४४ चा होतो. दर वर गेले की भाव खाली येतो आणि दर उतरले की वर जातो.

किती हलणार ते मुदतीवर. तोच एक टक्का वाढला तर दोन वर्षांचा रोखा ९८.१९ वर थांबतो, तीस वर्षांचा ८८.६९ पर्यंत घसरतो. सरकारी रोखा म्हणून निर्धास्त होऊन तीस-चाळीस वर्षांचा घ्यायचा आणि तीन वर्षांनी मुलीच्या लग्नाला विकायला काढायचा, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. सरकार पैसे बुडवत नाही हे खरं, पण मधेच विकल्यावर तोटा होणार नाही असं सरकारनं कुठंही लिहून दिलेलं नाही.

मुदतीपर्यंत थांबलात तर भावाचा हा त्रास तुम्हाला होत नाही. पण तो संपलाही नाही. यमुनेच्या डोहातल्या कालियाला कृष्णानं मारलं नव्हतं, रमणक द्वीपावर पाठवून दिलं होतं. (नाग मारण्यापेक्षा त्याची सोय लावायची, ही आपली पद्धत. नागपंचमीला आपण त्याला लाह्या दाखवतो, युरोपात भाला दाखवतात.) भावाचा धोका डोहातून गेला तरी महागाईच्या आणि पुनर्गुंतवणुकीच्या रूपानं कुठंतरी असतोच. दहा वर्षांनी परत येणाऱ्या दहा हजारांत तेवढीच ज्वारी येणार नाही, आणि दर सहामाहीचे ३५५ पुन्हा गुंतवताना तेव्हाचा दर काय असेल तेही आज माहीत नाही.

कूपन आणि यील्ड (दिलेल्या भावावर खरा पदरात पडणारा परतावा) यांची गल्लत करू नका. ९ टक्के कूपनचा, वर्षाला एकदा व्याज देणारा, दोन वर्षं उरलेला रोखा १०४ रुपयांना घेतला, तर दोनदा ९ मिळतात पण वर दिलेले ४ रुपये शेवटी परत येत नाहीत. खरा परतावा निघतो साधारण ६.८ टक्के. विकणारा ‘नऊ टक्के’ एवढंच बोलतो. तुम्ही विचारायचं, ‘मुदतीपर्यंतचा यील्ड किती?’ याचं उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या.

दोन व्याजांच्या मधल्या काळात रोखा घेतला तर भावाशिवाय जमा व्याजही मोजावं लागतं. ७ टक्क्यांचा एक लाखाचा सरकारी रोखा व्याजानंतर बरोबर तीन महिन्यांनी घेतला तर १,७५० रुपये वर जातात. ही फसवणूक नव्हे. पुढच्या तारखेला पूर्ण ३,५०० तुमच्या खात्यात येतात, त्यातला जुन्या मालकाचा वाटा तुम्ही आधी दिला एवढंच.

गंधकाची मेंढी

पोलंडच्या क्राकूव्ह शहरात वावेल टेकडीखाली एक गुहा आहे, तिथल्या ड्रॅगनची गोष्ट पोलंडमधली पोरंसोरं सांगतात. लढून कुणाचंच चालेना. मग मेंढीच्या कातड्यात गंधक भरून ते गुहेसमोर ठेवलं. ड्रॅगननं ते गिळलं, पोटात आग पडली, तहान भागवायला तो विस्तुला नदीवर गेला आणि पाणी पीत पीत फुटला.

कंपन्यांचे रोखे घेताना आपण या ड्रॅगनच्या जागी असतो. मेंढी गुबगुबीत दिसते : साडेबारा टक्के, दर महिन्याला व्याज. तेव्हा एकच हिशोब मांडायचा. तेवढ्याच मुदतीचा सरकारी रोखा सात टक्के देतोय आणि कंपनी साडेबारा, तर मधले साडेपाच टक्के कंपनी कशाबद्दल देतेय? कुणी प्रेमापोटी देत नाही. बँका तिला यापेक्षा स्वस्तात कर्ज द्यायला तयार नाहीत, एवढंच त्याचं उत्तर असतं.

गंधक हुंगायचं पहिलं साधन म्हणजे रेटिंग, पैसे परत मिळण्याची खात्री किती याची श्रेणी. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज या संस्था ते देतात. एएए सर्वांत वर, मग एए, ए, बीबीबी. त्याखाली बीबी, बी, सी आणि शेवटी डी, म्हणजे पैसे थकले. बीबीबी उणेच्या खालचं सगळं सट्ट्यात मोडतं. पहिली दोन-तीन वर्षं एए च्या खाली उतरू नये, असं आमचं स्पष्ट मत. आणि रेटिंगही आंधळेपणानं धरायचं नाही. आयएल अँड एफएस या पायाभूत क्षेत्रातल्या मोठ्या समूहाला २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत सर्वोच्च रेटिंग होतं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते थेट डी वर आलं. म्हणून रेटिंग किती जुनं आहे, शेजारी ‘आउटलुक निगेटिव्ह’ किंवा ‘वॉच’ असं काही लिहिलंय का, ते पाहा. रेटिंग संस्थेच्या वेबसाइटवर त्यामागचं कारणपत्र फुकट वाचायला मिळतं. चार-पाच पानांचं असतं. त्यात ‘लिक्विडिटी’ नावाचा परिच्छेद असतो, निदान तेवढा वाचाच. कुरणातल्या मेंढ्यांची मोजदाद तिथं असते.

महापालिकांचे रोखे हा मधला प्रकार. पुणे महापालिकेनं २०१७ च्या जूनमध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे, दहा वर्षांचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले होते. महापालिका सरकारी असली तरी तिचा रोखा केंद्र सरकारचा नव्हे. तिथंही रेटिंग पाहायचं, आणि परतफेडीसाठी कुठल्या कराचं उत्पन्न बाजूला काढून ठेवलंय तेही पाहायचं.

फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘गॅरंटीड बाँड’ आला तर आयएसआयएन मागा. हा प्रत्येक रोख्याचा स्वतंत्र, बारा अक्षरांचा क्रमांक असतो. कंपन्यांचा आयएनई नं सुरू होतो, केंद्र सरकारच्या रोख्यांचा आयएन आणि पुढे दोन शून्यं असा. तो नसेल तर विषय तिथंच मिटला. ऑनलाइन रोखे विकणाऱ्यांना २०२२ पासून सेबीची, म्हणजे शेअर-रोखे बाजाराच्या नियामकाची, नोंदणी सक्तीची आहे. पैसे एक्स्चेंजच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जातात आणि रोखा तुमच्या डिमॅटमध्ये, म्हणजे शेअर-रोखे ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात, येतो. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर पैसे मागितले तर तो रोखा नाहीच.

ओलं नाही, सुकं नाही

ऋग्वेदात इंद्र वज्रानं वृत्राला मारतो आणि अडलेलं पाणी मोकळं करतो. वृत्राला तिथं अहि, म्हणजे सर्पच, म्हटलंय. महाभारताच्या उद्योगपर्वात गोष्ट वेगळं वळण घेते. तिथं इंद्र आणि वृत्र यांच्यात आधी तह होतो आणि वृत्र अटी घालतो : ओल्यानं नाही, सुक्यानं नाही, दगडानं नाही, लाकडानं नाही, शस्त्रानं नाही, दिवसा नाही, रात्री नाही. सगळं कबूल होतं. मग एका संध्याकाळी इंद्राला समुद्रावर फेस दिसतो. संध्याकाळ म्हणजे दिवस नाही आणि रात्रही नाही. फेस ओला नाही आणि सुकाही नाही. कराराचं एकही कलम न मोडता वृत्र मेला.

रोख्याच्या माहितीपत्रकात हीच संध्याकाळ शोधायची. पहिल्या पानावरचे मोठे आकडे सोडा आणि मागचा ‘टर्म शीट’ नावाचा तक्ता काढा. पेन्सिल घेऊन पुढच्या शब्दांवर खूण करा.

‘कॉल ऑप्शन’ : कंपनीला मुदतीआधी पैसे परत करून रोखा बंद करायचा हक्क. साडेनऊ टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा घेऊन तुम्ही खूश असता. तीन वर्षांनी बाजारदर उतरले की कंपनी कॉल वापरते आणि मुद्दल हातात ठेवते. आता ते साडेसातनं गुंतवा. दर चढले तर ती कॉल वापरत नाही, म्हणजे दोन्हीकडून फायदा तिचाच. ‘पुट ऑप्शन’ असेल तर तो हक्क तुमचा, क्वचित मिळतो.

‘सिक्युअर्ड’ म्हणजे मागं तारण आहे. तारण काय आणि ते कर्जाच्या किती पट, हेही लिहिलेलं असतं. ‘अनसिक्युअर्ड’ म्हणजे नुसता शब्द. ‘सबऑर्डिनेटेड’ म्हणजे कंपनी बुडाली तर रांगेत तुम्ही मागं.

‘पर्पेच्युअल’ (मुदतच नसलेला), ‘एटी-१’ (बँकेच्या भांडवलात धरला जाणारा), ‘राइट-डाउन’ (रक्कम पुसण्याची मुभा) हे शब्द दिसले की कागद मिटून ठेवा. मार्च २०२० मध्ये येस बँकेची फेररचना झाली तेव्हा ठेवीदारांचे पैसे वाचले, शेअरही उरले, पण ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-१ रोखे शून्यावर लिहिले गेले. बँक अडचणीत आल्यास रोखा पुसता येईल, हे कलम माहितीपत्रकात होतं. खटला पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्येष्ठांनी हे रोखे ‘बँकेचेच आहेत, एफडीपेक्षा जास्त व्याज’ एवढ्यावर घेतले होते. फेस होता, पाणी समजून घेतला.

खातं उघडायचं कसं

सरकारी रोख्यांसाठी सरळ रस्ता रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ संकेतस्थळाचा. १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाला. खातं उघडायला आणि सांभाळायला पैसे लागत नाहीत, डिमॅटही लागत नाही. तुमच्या नावानं थेट रिझर्व्ह बँकेकडे गिल्ट खातं, म्हणजे सरकारी रोखे ठेवायचं खातं, उघडतं.

लागतं ते असं : पॅन, आधारला जोडलेला मोबाइल, ई-मेल आणि रुपयातलं बचत खातं. अर्ज बहुतेक वेळा एकाच कारणानं अडतो : पॅनवर, आधारवर आणि बँकेत नाव तीन तऱ्हेनं असतं. तेलुगू घरांत आडनाव पुढं की मागं, लिंगायत घरांत वडिलांच्या नावाला ‘अप्पा’ जोडलेलं की नाही, हे आपल्या गावात नेहमीचंच. आधी तिन्हीकडची नावं जुळवा, मग अर्ज करा. नाहीतर महिनाभर ‘प्रलंबित’ बघत बसाल. बँकेच्या पडताळणीसाठी खात्यात छोटी रक्कम येते, तिचा आकडा नीट पाहून भरायचा. नॉमिनी त्याच वेळी भरा. संयुक्त खातंही चालतं.

खातं झालं की दोन दरवाजे. पहिला लिलावाचा. टी-बिलांचा लिलाव साधारण बुधवारी, राज्यांच्या रोख्यांचा मंगळवारी, केंद्राच्या रोख्यांचा शुक्रवारी. सुट्टी आली की दिवस सरकतो. बोली दहा हजारांच्या पटीत. तुम्ही भाव सांगायचा नसतो, फक्त रक्कम सांगायची. मोठ्या बँकांच्या बोलींतून जो सरासरी भाव ठरतो तो तुम्हाला लागतो. भाव आधी माहीत नसल्यानं पैसे थोडे जास्त घेतले जातात आणि उरलेले परत येतात. ‘दहा हजारांचा रोखा आणि खात्यातून जास्त कसे गेले?’ म्हणून घाबरू नका. एका लिलावात एका रोख्यासाठी एकच बोली. लिलावाच्या दिवशी सकाळीच खिडकी बंद होते, म्हणून आदल्या रात्री बोली लावून मोकळं व्हावं. सकाळी वीज गेली, नेट गेलं, यूपीआय अडकलं, काहीही होऊ शकतं.

दुसरा दरवाजा दुय्यम बाजाराचा. तिथं आधी निघालेले रोखे लोक एकमेकांना विकतात. लहान रकमांसाठी वेगळी खिडकी आहे, पण गर्दी कमी. सगळे रोखे तिथं दिसतात, गिऱ्हाईक मात्र मोजक्यांनाच असतं. ताजे, नेहमी उलाढाल होणारे रोखे घेतलेत तर पुढं विकायलाही सोपं जातं.

स्क्रीनची भीती वाटत असेल तर फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड. स्टेट बँकेत, राष्ट्रीयीकृत बँकांत कागदी अर्ज भरूनही मिळतात. किमान हजार रुपये, मुदत सात वर्षं, वरची मर्यादा नाही. व्याजदर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्का जास्त, दर १ जानेवारी आणि १ जुलैला नव्यानं ठरतो. जुलै २०२३ पासून तो ८.०५ टक्के झाला. घेण्याआधी चालू दर विचारा. व्याज सहामाही हातात येतं, साठवत नाही. विकता येत नाहीत, तारणही ठेवता येत नाहीत. मुदतीआधी फक्त ज्येष्ठांना मोडता येतात : ६० ते ७० वयाला सहा वर्षांनी, ७० ते ८० ला पाच, ८० च्या पुढे चार वर्षांनी. ज्यांना भाव-यील्डचं गणित नको त्यांनी सुरुवात इथूनच करावी, आमची काही हरकत नाही.

प्लॉट किंवा घर विकून दीर्घ मुदतीचा नफा झाला असेल तर तो वाचवणारे खास रोखे वेगळे, बाजारात त्यांना ५४ ईसी म्हणतात. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी हे काढतात. विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत, कमाल पन्नास लाख, पाच वर्षं पैसे बंद, आणि त्यावर कर्जही काढायचं नाही. व्याज कमी असतं. कर किती वाचतो ते धरूनच हिशोब करा.

आठ रांजण, अनेक खड्डे

जपानच्या इ. स. ७१२ च्या कोजिकी या पुराणग्रंथात यामाता नो ओरोची नावाचा आठ डोक्यांचा सर्प येतो. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या सात मुली त्यानं वर्षाला एक अशा खाल्लेल्या, आठवीची पाळी. त्यांच्या मदतीला आलेला सुसानोओ देव तलवार उपसत नाही. तो म्हाताऱ्याला कुंपण घालायला सांगतो, कुंपणाला आठ दारं, प्रत्येक दारात मंच, प्रत्येक मंचावर आठ वेळा गाळलेल्या कडक साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, एक रांजण. सर्प येतो, आठही डोकी आठ रांजणांत घालतो, पिऊन आडवा होतो. मग तलवार. एकच मोठा रांजण ठेवला असता तर सात डोकी जागी राहिली असती.

रोख्यांत याला शिडी म्हणतात. समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराकडे आठ लाख आहेत. सगळे एकाच दहा वर्षांच्या रोख्यात घालण्याऐवजी एक लाख एक वर्षाचं, एक लाख दोन वर्षांचं, असं आठ वर्षांपर्यंत लावायचं. दरवर्षी एक रांजण मोकळा होतो. सूत महागलं आणि दिवाळीआधी खेळतं भांडवल हवं झालं तर तो लाख हाताशी येतो, काहीही पाडून विकावं लागत नाही. गरज नसेल तर तोच लाख पुन्हा आठ वर्षांच्या टोकाला. दर चढले तर नवा रांजण चढ्या दरानं भरतो. उतरले तर जुने सात चढ्या दराचेच असतात. आठ लाख नसून ऐंशी हजार असतील तरी पद्धत हीच, दहा हजारांचे आठ.

प्रत्यक्षात सगळी वर्षं लिलावात मिळत नाहीत. वर्षाच्या आतलं टी-बिल, मग तीन, पाच, सात, दहा अशी केंद्राची मुदत साधारण सापडते; मधली भोकं राज्याच्या रोख्यांनी किंवा दुय्यम बाजारातून भरायची. आठाच्या ऐवजी पाच रांजण झाले तरी काही बिघडत नाही. मुदतपूर्तीचे महिने मात्र आपल्या गरजेला जोडा. जूनला शाळेची फी असेल तर पैसे मे महिन्यात आले पाहिजेत, ऑगस्टमध्ये नव्हे.

शिडीनं मुदतीचा प्रश्न सुटतो, कर्जदाराचा नाही. त्यासाठी परत फाफ्निर. गाथेतला वीर सिगुर्ड त्याला मारायला निघतो तेव्हा गुरू सांगतो, पाण्याच्या वाटेवर खड्डा खण, त्यात बस, वरून तो सरपटत गेला की खालून वार कर. तेवढ्यात एक म्हातारा येतो (तो ओडिन देव असतो) आणि म्हणतो, एक खड्डा खणलास तर त्याच्या रक्तात बुडशील. अनेक खण, रक्त वाहून जाईल. एवढा कोरडा, कामाचा सल्ला देवानं दिलेला दुसरीकडे क्वचितच दिसतो. कंपन्यांचे रोखे घेणार असाल तर एका कंपनीत एकूण रोख्यांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नका, आणि एकाच समूहाच्या चार कंपन्या म्हणजे चार खड्डे समजू नका. ते रक्त एकाच खड्ड्यात येतं. जे चार जणांत नीट वाटता येत नाही ते सरकारी रोख्यातच राहू द्या.

कर

रोख्याचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं आणि तुमच्या टप्प्यानं कर लागतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून, ७.१० चे हातात ४.८८ उरतात. नेहमीच्या सरकारी रोख्यांच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत. म्हणून कर नाही असा समज करून विवरणपत्रात न दाखवणारे पुष्कळ. फ्लोटिंग रेट बाँडवर आणि कंपन्यांच्या रोख्यांवर तो कापला जातो. नोंदणीकृत रोखा बारा महिन्यांनंतर नफ्यात विकला तर नफ्यावर १२.५ टक्के. हे नियम अर्थसंकल्पागणिक हलतात, म्हणून विवरणपत्राच्या वेळी सीएला एकदा विचारा.

हंडा कुणाला सापडणार

जुन्या इंग्रजी काव्यातला, पन्नास वर्षं राज्य केलेला म्हातारा राजा बेओवुल्फ शेवटच्या ड्रॅगनसमोर खास लोखंडी ढाल करून घेऊन जातो. तयारी चोख होती, तरी तलवार मोडते, एक सोडून सगळे सोबती पळतात. ड्रॅगन मरतो आणि राजाही. ज्या धनासाठी हे झालं ते त्याच्याच टेकाडात पुरतात. काव्यात पुढे म्हटलंय, की ते तिथं आधीसारखंच कुणाच्या उपयोगाचं नसलेलं पडून आहे.

रिटेल डायरेक्टच्या रोख्याला कागद नसतो. कपाटात पावती सापडून घरच्यांना कळेल, असं होत नाही. म्हणून पहिला रोखा घेतल्याच्या दिवशी एक वही करा. रोख्याचं पूर्ण नाव, आयएसआयएन, दर्शनी किंमत, व्याजाचे दोन महिने, मुदतपूर्तीची तारीख आणि व्याज कुठल्या बँक खात्यात येतं ते लिहा. पासवर्ड लिहू नका. खातं रिझर्व्ह बँकेकडे आहे आणि नॉमिनी कोण आहे एवढं लिहा. माणूस गेल्यावर नॉमिनीनं मृत्यूचा दाखला जोडून रोखे आपल्या नावावर करून घ्यायचे असतात, आणि हे त्या नॉमिनीला आज माहीत असायला हवं.

जोडलेलं बचत खातं बंद करू नका. बँकांचं विलीनीकरण झालं, आयएफएससी बदलला की व्याज परत जातं आणि खातेदार सहा महिने वाट बघत बसतो. एप्रिल आणि ऑक्टोबर, किंवा तुमच्या रोख्याचे जे दोन महिने असतील ते, घरातल्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल करून ठेवा. दूधवाल्याचा हिशोब जिथं लिहिता तिथंच.